जुन्या जीपचे मागचे ब्रेक: डिस्क बसवण्याआधी तेल कुठून येतंय ते शोधा

धारूरजवळच्या एका शेतकरी भावांचा प्रश्न आहे. वडिलांच्या काळातली १९९१ ची महिंद्रा जीप, फोर व्हील ड्राइव्ह, चारही चाकांना ड्रम. पेडल दोन-तीनदा मारल्याशिवाय ब्रेक लागत नाही. मागचं उजवं चाक आतून तेलकट झालंय. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. हँडब्रेक चढावर गाडी धरत नाही. गाडी रोज रानात जाते आणि आठवड्यातून दोनदा धारूरचा घाट उतरून माजलगावला. एका दुकानदाराने सांगितलं की मागे डिस्कचं किट टाका, सगळं मिटेल. टाकावं का?

भाऊ, नका टाकू. निदान आत्ता तरी नको. अंबाजोगाईत तीस वर्षं जीपच्या खाली झोपून मी हेच काम करतोय, आणि तुम्ही पाठवलेले फोटो पाहून सांगतो: तुमचा ड्रम वाईट नाही, त्यात तेल शिरलंय. ते तेल कुठून येतं हे न शोधता तुम्ही डिस्क लावली, तर तेच तेल उद्या डिस्कवर येईल.

आधी हँडब्रेकचं सांगतो, कारण तिथेच तुमचा गैरसमज आहे. तुमच्या दुसऱ्या फोटोत ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा) मागच्या बाजूला, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा) जिथे जोडलाय तिथे, एक छोटा ड्रम दिसतो. तोच तुमचा हँडब्रेक. तो चाकात नाहीच. हँडल ओढलं की शाफ्ट धरला जातो, शाफ्ट डिफरेन्शियलला (मागच्या ॲक्सलमधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच) धरतो आणि तिथून दोन्ही मागची चाकं थांबतात. म्हणजे चाकात डिस्क टाका नाहीतर सोन्याचा ड्रम टाका, हँडब्रेक जसा आहे तसाच राहणार. तो धरत नाही याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक, ट्रान्सफर केसचं मागचं ऑइल सील (तेल अडवणारं रबरी कडं) गेलेलं असतं आणि तेल त्या छोट्या ड्रमात उतरतं. दोन, लाइनर (ड्रमला घासणारं अस्तर) झिजून केबल सैल झालेली असते. तुमच्या फोटोत त्या ड्रमच्या खालच्या कडेला काळा ओघळ दिसतोय, म्हणून मी आधी सील बदलायला सांगेन. मग लाइनर, मग ॲडजस्टमेंट. केबल ओढून ओढून ताणत बसू नका.

याच हँडब्रेकची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, जिवाशी गाठ आहे. अशा गाडीचं एक मागचं चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक असून नसल्यासारखा. शाफ्ट धरलेला असला तरी डिफरेन्शियल आपलं काम करतं, उचललेलं चाक हवेत उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सुटतं. गिअरमध्ये ठेवली तरी तेच. मी शिकाऊ असताना एक जीप अशीच जॅकवरून पुढे सरकली. उस्तादांनी मला बखोट धरून बाहेर ओढलं म्हणून पाय वाचला. म्हणून सपाट जमीन बघा, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड लावा, घोडी (गाडी तोलून धरणारं लोखंडी स्टँड) किंवा भक्कम लाकडी ठोकळे ॲक्सलखाली द्या, आणि मगच नट सैल करा. काळ्या रानात जॅक लावणार असाल तर खाली जाड फळी टाका, रेगडी माती जॅक गिळते.

आता चाकाकडे. ड्रम काढल्यावर हात लावायच्या आधी नाक लावा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो आणि ते घट्ट असतं. ब्रेक ऑइल पातळ असतं. तरी शंका राहिली तर एका वाटीत पाणी घेऊन त्यात थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइल वर तरंगतं. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा तुमचा निम्मा खर्च वाचवते. ब्रेक ऑइल असेल तर व्हील सिलिंडर (चाकातला, तेलाच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) गेलाय. गिअर ऑइल असेल तर ॲक्सलचं सील गेलंय. फोटोतली चकाकी बघता मला गिअर ऑइलच वाटतंय, पण फोटोवरून मी पैज लावणार नाही.

सील गेलं म्हणजे सील बदललं, एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. सुरुवातीला मीही थांबायचो. गाडी पंधरा दिवसांत परत यायची, पुन्हा तेच चाक तेलात. मग कळलं की सील मरतं कशाने हे बघितलं पाहिजे. ॲक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला एक बारीक टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की डिफरेन्शियल तापतं, आतली हवा फुगते आणि या टोपीतून बाहेर पडते. आपल्या बालाघाटातल्या पावसाळ्यात काळा चिखल त्या टोपीवर बसतो, उन्हाळ्यात वाळून सिमेंटसारखा घट्ट होतो. मग हवेला वाट राहत नाही. ती जिथे कमजोर जागा सापडेल तिथून निघते, म्हणजे सीलच्या ओठातून, आणि सोबत तेल घेऊन निघते. उलटंही होतं. तापलेलं ॲक्सल घेऊन तुम्ही ओढ्यात उतरलात की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. डिफरेन्शियलचं तेल ताकासारखं पांढुरकं निघालं तर समजा हेच झालंय.

म्हणून ब्रीदर काढा, डिझेलमध्ये धुवा, फुंकून बघा. हवा आरपार गेली पाहिजे. त्याहून चांगलं म्हणजे टोपीच्या जागी निप्पल बसवून तेलाला टिकणारा रबरी पाइप वर चासीपर्यंत न्या आणि टोक खाली वाकवून बांधा. ॲक्सल वर-खाली होतं, म्हणून पाइपात थोडी ढील ठेवा. या कामाला फार थोडा खर्च येतो आणि माझ्या मते जुन्या जीपच्या मागच्या ब्रेकला याहून मोठं अपग्रेड दुसरं नाही. तेलाची पातळीही बघा. गाडी सपाटीवर असताना फिलर प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल हवं. कुणी ‘जास्त असलेलं बरं’ म्हणून वरपर्यंत भरलं असेल तर तेही सीलवरच येतं.

तुमच्या ॲक्सलच्या टोकाला मोठा नट आणि स्प्लिट पिन दिसते. म्हणजे शाफ्ट निमुळता आहे, त्यावर चावी (हब आणि शाफ्ट एकत्र फिरवणारी लोखंडी पट्टी) बसवलेली आहे आणि हब ड्रमसकट त्या निमुळत्या भागावर आवळलेला आहे. हा हब पुलरशिवाय निघत नाही. शाफ्टच्या टोकावर घण घालू नका. तो मार सरळ आत डिफरेन्शियलपर्यंत जातो आणि बेअरिंगचं वाटोळं करतो. चांगला पुलर लावा, ताण द्या, थोडं थांबा, पुलरच्या बोल्टवर एक टोला. ठप्प आवाज येऊन हब सुटतो. नट पूर्ण काढून टाकू नका, दोन आटे ठेवा, म्हणजे सुटलेला हब अंगावर येत नाही. बॅक प्लेटमागे (ड्रमच्या आतल्या बाजूची थाळी) बारीक शिम, म्हणजे पातळ चकत्या, निघाल्या तर जितक्या निघाल्या तितक्याच, त्याच बाजूला परत घाला. त्यांच्यावर शाफ्टचा खेळ ठरतो. बेअरिंगला खेळ जास्त असेल तर नवं सील महिनाभरही टिकत नाही, म्हणून बेअरिंग हातात फिरवून बघा. खरखर लागली तर बदला. शाफ्टवर सीलच्या ओठाने नखाला लागेल अशी खाच पाडली असेल, तर नवं सील त्या खाचेतच बसणार आणि गळणार. अशा वेळी सील जागेवर किंचित पुढे-मागे बसतं का ते बघावं, नाहीतर त्यावर पातळ स्लीव्ह चढवावी.

परत बसवताना निमुळता भाग आणि हबचं भोक कोरडं, स्वच्छ हवं. चावी खाचेत चपखल बसली पाहिजे, हलणारी चावी शाफ्टची खाच खाते. नट लांब दांड्याच्या पान्याने पूर्ण ताकदीने आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे कधीच सोडू नका. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा आवळा. हबच सैल झाला तर ब्रेकचं बोलणं बाजूला राहतं, चाक निघून जातं.

तेल प्यालेले लाइनर फेकून द्या. यावर माझं अनेकांशी भांडण झालंय. पेट्रोलने धुऊन, बत्तीने जाळून लाइनर वरून कोरडा दिसतो, पण तेल आतपर्यंत मुरलेलं असतं. पहिल्याच घाटात ड्रम तापला की ते परत वर येतं. तेही एकाच चाकात, म्हणजे एक बाजू धरते आणि दुसरी घसरते. लाइनर कायम दोन्ही बाजूंचे एकदम बदला, एकाच कंपनीचे. जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, म्हणून ती काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. पाण्याने ओली करून फडक्याने पुसा आणि फडकं फेका. आमच्या पिढीतल्या मिस्त्रींनी ही धूळ आयुष्यभर छातीत भरून घेतली. तुम्ही घेऊ नका.

एका वेळी एकच चाक उघडा. दुसरं तसंच राहू द्या, स्प्रिंग कुठे आणि लांब लाइनरचा शू (लाइनर बसवलेली कमान) पुढे की मागे हे बघायला ते उपयोगी पडतं. वेगवेगळ्या बनावटीत हे वेगळं असतं, ऐकीव माहितीवर बसवू नका. रिव्हेटचे लाइनर असतील तर मधल्या रिव्हेटपासून सुरू करून कडांकडे जायचं, म्हणजे लाइनर शूला चिकटून बसतो, मधे फुगत नाही. मग ड्रमला आतून खडू लावून शू फिरवून बघा. खडू सगळीकडे सारखा उमटला पाहिजे. फक्त टोकांना उमटत असेल तर टोकं हलकी घासा, नाहीतर ब्रेक किंचाळेल आणि झटक्यात पकडेल.

ड्रमवर खाचा पडल्या असतील तर लेथवर घ्या, पण दोन्ही मागचे ड्रम एकाच मापाला. ड्रमवर कमाल व्यासाचं माप ओतीवात लिहिलेलं असेल तर त्याच्या पुढे कातू नका. पातळ ड्रम तापला की फुगतो आणि पेडल खाली जातं. बॅक प्लेटच्या खालच्या बाजूला पाणी निघायचं बारीक भोक असेल तर ते तारेने मोकळं करा. चिखल त्यातच आधी बसतो.

व्हील सिलिंडर उघडून बघाच. आतली भिंत आरशासारखी असेल तर नवे रबर टाकून चालेल. गंजाचे खड्डे असतील तर घासत बसू नका, नवा सिलिंडर टाका. एक मात्र जपा. ब्रेक जोरात लागावा म्हणून कुणी मोठ्या मापाचा सिलिंडर सुचवला तर नाही म्हणा. मागचा सिलिंडर मोठा केला की मागची चाकं आधी जाम होतात. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. रिकामी जीप, आखूड व्हीलबेस, ओला रस्ता आणि वळण असं एकत्र आलं की जाम झालेली मागची चाकं शेपूट फिरवतात आणि गाडी आडवी होते. धारूरच्या घाटात समोरून उसाचा ट्रक येत असताना काय होईल हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मागे डिस्क टाकायला मी नको म्हणतो त्याचं मोठं कारण हेच. मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा कमी धरला पाहिजे, आणि पुढे ड्रम ठेवून मागे डिस्क टाकल्यावर तो हिशोब कुठे बसेल हे किट विकणारा सांगू शकत नाही.

डिस्कची बाकीची अडचणही ऐका. ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानेच एक शू आत ओढला जातो, म्हणून पायाला कमी जोर लागतो. डिस्कला ती मदत नाही, तिला सगळा जोर पायाने द्यावा लागतो. तुमच्या गाडीला बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) नाही, आणि डिझेल इंजिनमध्ये पेट्रोलसारखं व्हॅक्यूम तयार होत नाही. बूस्टर लावायचा तर व्हॅक्यूम पंपही लावावा लागतो. शिवाय तुमचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चारही चाकांकडे तेल ढकलणारा) पायाखाली, फ्लोअरच्या खाली आहे. तो कॅलिपरच्या (डिस्कला दोन्हीकडून चिमटणारा भाग) उंचीच्या खाली किंवा बरोबरीला असल्याने कॅलिपरमधलं तेल मागे वाहत येतं. त्याला वेगळा व्हॉल्व्ह लागतो. आणि डिस्कला तेल जास्त लागतं, म्हणजे मास्टर सिलिंडरचं मापही बदलावं लागतं. दुकानदाराने यातलं काही सांगितलं का? हे सगळं करून कुणाला पुढे डिस्क टाकायची असेल तर मी समजू शकतो. चिखल-पाण्यात डिस्क लवकर कोरडी होते आणि घाटात कमी दमते हे खरं आहे. पण सुरुवात पुढून. आणि कामाला हात घालण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि तुमच्यासारख्या जुन्या गाडीला नोंदणी नूतनीकरणासाठी तिथे उभं राहावंच लागतं.

पैसा खर्च करायचाच असेल तर तो दोन खणांच्या मास्टर सिलिंडरवर करा. तुमच्या गाडीत आज एकच खण आहे. म्हणजे कुठलाही एक होज (रबरी ब्रेक पाइप) फुटला की चारही ब्रेक गेले. दोन खणांत पुढचे आणि मागचे वेगळे होतात, एक गेला तरी दुसरा गाडी थांबवतो. माझ्याकडे एकदा एक जीप आली होती. उजव्या मागच्या चाकाची गळणारी पाइप कुणीतरी खिळा ठोकून बंद केली होती आणि मालकाला ‘झालं काम’ म्हणून पाठवून दिलं होतं. तीन चाकांच्या ब्रेकवर ती गाडी मांजरसुंब्याचा घाट उतरून आली होती. ते पाहिल्यापासून माझ्याकडची एकही गाडी पाइपचं टोक बंद करून बाहेर पडलेली नाही.

डावीकडे ओढण्याबद्दल. स्टिअरिंगला ओढ जाणवत असेल तर मूळ बहुतेक पुढच्या चाकात असतं. मागच्या चाकांत फरक असला की स्टिअरिंग फारसं ओढत नाही, मागची बाजू हलते. म्हणून मागचं काम करताना पुढचा उजवा ड्रमही उघडा. तोही तेलकट असेल, किंवा त्याचा सिलिंडर गंजून अडकला असेल. पुढच्या उजव्या होजकडेही बघा. जुना होज आतून सुजतो आणि तेल जाताना अडवतो, बाहेरून मात्र अगदी ठीक दिसतो. मागचा होज सुजला तर उलट त्रास होतो, पेडल सोडलं तरी दोन्ही मागचे ब्रेक लागलेलेच राहतात.

दोन-तीनदा पेडल मारावं लागतं, याचं उत्तर तुम्हाला पायानेच मिळेल. पहिल्या दाबाला खाली गेलं आणि पंप मारून वर येऊन घट्ट झालं, तर शू ड्रमपासून लांब आहेत, ॲडजस्टमेंट हवी. स्पंजासारखं लागलं तर हवा आहे. घट्ट होऊन दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं तर बाहेर गळतंय किंवा मास्टर सिलिंडरचे रबरी कप गेलेत. ॲडजस्टमेंट करताना चाक वर घ्या आणि बॅक प्लेटमागचा ॲडजस्टर चाक जाम होईपर्यंत फिरवा. मग चाक मोकळं फिरेपर्यंतच मागे सोडा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक शूचं वेगळं करा.

ब्रेक ऑइल नवं, सीलबंद डब्यातलं टाका. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पण हवेतली ओल पिऊन जुनं झालं की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची हीच दोन मापं २३० आणि १५५. घाट उतरताना ड्रमची उष्णता सिलिंडरपर्यंत पोहोचली आणि तेल उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलावं. घाटासाठी मी डॉट ४ घालतो. रबराला डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लावू नका, ते फुगतं. धुवायचं तर ब्रेक ऑइलनेच. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा: मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. मास्टरचा डबा मधे रिकामा होऊ देऊ नका.

सगळं झाल्यावर लगेच घाटात जाऊ नका. सरळ, मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगाने पंधरा-वीस वेळा हलका ब्रेक मारा, मधे गार होऊ द्या. मग थांबून हात ड्रमच्या जवळ न्या, लावू नका. डावं आणि उजवं साधारण सारखं तापलेलं हवं. एक गार आणि एक तापलेलं असेल तर काम अजून बाकी आहे. ओढा ओलांडल्यावर थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवा, आतलं पाणी वाळतं. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

आता एवढंच करा. येत्या रविवारी सपाटीवर लावून उजवं मागचं चाक उघडा, तेलाचा थेंब पाण्याच्या वाटीत टाका, ब्रीदर काढून फुंकून बघा, आणि दोन्हीचं काय निघालं ते मला कळवा. तोपर्यंत घाट नको. माजलगावला एसटीने जा.